फ्रेम रेट की शटर स्पीड? शिवाजी पार्कात झालेला माझा घोळ

भाच्याची बॉलिंग स्लो मोशनमध्ये बघायची म्हणून रविवारी सकाळी शिवाजी पार्कच्या नेट्सवर मोबाईल लावला, कुणीतरी सांगितलं होतं की शटर स्पीड वाढव की झालं, म्हणून प्रो मोडमध्ये जाऊन १/२००० सेकंद केला आणि घरी येऊन व्हिडिओ आठपट हळू करून बघतो तर काय, बॉल बेडकासारखा उड्या मारतोय. इथे दिसतो, गायब होतो, दोन हात पुढे परत उगवतो. एकेक फ्रेम मात्र कडक हां, सीमचे टाके दिसत होते.

चूक माझीच. फ्रेम रेट म्हणजे सेकंदाला किती फोटो, आणि शटर स्पीड म्हणजे त्यातल्या एकेका फोटोला उजेड किती वेळ मिळतो. दोन्हीकडे सेकंदच येतो म्हणून आपली गल्लत होते.

आता पोरगा ताशी १०० किमीने टाकतो असं धरा (टाकत नाही, पण मामा आहे मी), म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. सेकंदाला ३० फ्रेमला (माझा व्हिडिओ तसाच होता) दोन फोटोंमध्ये बॉल ९३ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो आणि मधलं कॅमेऱ्याने बघितलेलंच नसतं, मग शटर कितीही वाढवा, ते येणार कुठून? २४० फ्रेमला हेच अंतर १२ सेंटिमीटरच्या आत येतं, बघताना सेकंदाला ३० फ्रेमने चालवलं की आठपट स्लो आणि उड्याही बंद.

पण नुसत्या २४० नेही भागत नाही. शटर १/२४० वर राहिला तर ते १२ सेंटिमीटर एकाच फोटोत सारवले जातात, बॉल मुळात सातेक सेंटिमीटरचा, त्यामुळे दिसतो तो लाल फराटा. १/२००० ला फराटा दीड सेंटिमीटरवर येतो, फक्त उजेड आठपट कमी मिळतो, म्हणजे पावसाळी ढगात सगळं काळवंडलेलं. इनडोअर नेट्समध्ये तर आपली वीज ५० हर्ट्झची, बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्यांना कळत नाही पण स्लो मोशनमध्ये नुसती लुकलुक.

एक वाद मात्र राहिलाच. बॉल बॅटला टेकतो जेमतेम एक मिलिसेकंद आणि २४० च्या दोन फ्रेममध्ये जातात चार, त्यामुळे बॅटची कट लागली का हे मोबाईलवर ठरेना, त्याला हजारो फ्रेमवाला कॅमेरा लागतो. भाचा म्हणतो, मामा, लागलीच होती.