दिएंग कुलोन

दिएंग कुलोन : इंडोनेशियाच्या मध्य जावा प्रांतातील बांजारनेगारा जिल्ह्यातल्या बातूर तालुक्याचे एक डोंगरी गाव. दिएंगच्या ज्वालामुखी पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० मी. उंचीवर ते वसले आहे. जावानी भाषेत ‘कुलोन’ म्हणजे पश्चिम आणि ‘वेतान’ म्हणजे पूर्व. पूर्वेकडचे जोडगाव दिएंग वेतान वोनोसोबो जिल्ह्यात मोडते. दोन्ही गावांची घरे एकमेकांना खेटून असली, तरी जिल्ह्याची हद्द त्यांच्या मधून जाते. त्यामुळे अर्जुन मंदिरसमूह एका जिल्ह्यात, तर ‘तेलागा वार्ना’ हे गंधकयुक्त, रंग पालटणारे तळे दुसऱ्यात, अशी वाटणी झाली आहे. वोनोसोबो शहरापासून गावापर्यंत सुमारे २६ किमी.चा चढणीचा रस्ता आहे. पर्यटक दोन्ही गावांना मिळून ‘दिएंग’च म्हणतात, या नोंदीतही पठाराच्या संदर्भात तेच नाव वापरले आहे.

नाव : जुन्या जावानी लेखांत ‘दिह्यंग’ असे रूप येते. त्यातल्या ‘ह्यंग’विषयी वाद नाही. देव, पितर किंवा अदृश्य शक्ती असा त्याचा अर्थ असून हा शब्द भारतीय संस्कृतीच्या संपर्काआधीचा मानतात. प्रार्थनेसाठीचा ‘सेंबाह्यांग’ हा इंडोनेशियन शब्द त्यापासूनच बनला आहे आणि तिथले मुसलमान नमाजासाठीही तो सर्रास वापरतात. अडचण आहे ती ‘दि’ची. आजच्या इंडोनेशियनमध्ये ‘दि’ म्हणजे ‘-मध्ये’. म्हणून ‘देवांमध्ये’ किंवा ‘देवांपाशी’ अशी सोपी फोड केली जाते. परंतु जुन्या जावानीत या अर्थी ‘इ’ आणि ‘रि’ ही अव्यये येतात. त्यामुळे ‘दि’ म्हणजे उंच जागा किंवा डोंगर, आणि संपूर्ण शब्दाचा अर्थ ‘देवांचे उंच ठिकाण’, ही फोड अधिक पटते. ‘आदि’ (सुंदर) आणि ‘आएंग’ (विलक्षण) यांपासून नाव आल्याचे गावात सांगतात, ती लोकव्युत्पत्ती होय.

मंदिरे : दिएंगवर आज ओळखता येतील अशी आठ दगडी मंदिरे उभी आहेत. एके काळी त्यांची संख्या चारशेपर्यंत असल्याचे म्हटले जाते, पण हा आकडा जुन्या प्रवासवर्णनांतून चालत आलेला आहे आणि तो जपूनच घ्यावा. जावात अशा वास्तूला ‘चंडी’ म्हणतात. देवी चंडिकेच्या नावावरून हा शब्द आला आणि चंडी म्हणजे राजाच्या अस्थींवर बांधलेले स्मारक, असे मत एकोणिसाव्या शतकापासून प्रचलित होते. मंदिराच्या गर्भगृहाखालच्या खड्ड्यात दगडी पेटी सापडे, तिच्यात राखेसारखे काही मिळे, आणि त्यावरून ही समजूत दृढ झाली. इंडोनेशियन पुरातत्त्वज्ञ सुकमोनो यांनी १९७४ च्या आपल्या प्रबंधात ती खोडून काढली. ‘पेरिपिह’ नावाच्या त्या पेट्यांत मानवी अस्थी नसून धातूचे पत्रे, रत्ने, धान्याचे दाणे असे प्रतिष्ठाविधीचे द्रव्य असते, असे त्यांनी दाखवले. मूर्तीखाली पंचरत्ने ठेवण्याची रीत माहीत असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. चंडी म्हणजे देवालय, हेच मत आता बहुधा सर्वमान्य आहे.

अर्जुन समूहातली चार मंदिरे उत्तर-दक्षिण रांगेत, पश्चिमेकडे तोंड करून उभी आहेत : अर्जुन, श्रीकांडी, पुंतादेवा आणि सेंबाद्रा. अर्जुनासमोर पूर्वेकडे तोंड केलेले, आडवे, ठेंगणे सेमार मंदिर आहे. गातोतकाचा, द्वारावती आणि बिमा ही मंदिरे थोडी दूर आहेत. श्रीकांडीच्या बाहेरच्या भिंतींवर विष्णू, शिव आणि ब्रह्मा कोरलेले आहेत. अर्जुन मंदिराच्या उत्तर भिंतीत आतल्या अभिषेकाचे पाणी बाहेर काढणारी पन्हाळ आहे. पिंडीची पन्हाळ उत्तरेकडे असते, हे आपल्याकडच्या कोणत्याही शिवालयात पाहायला मिळते. इथे पिंडी उरली नसली, तरी भिंतीतल्या त्या वाटेवरून आत कशाची पूजा होत होती ते कळते.

मंदिरांची नावे मात्र मूळची नाहीत. ती फार नंतर, बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या सुमारास रूढ झाली असावीत, आणि ती महाभारतातून नव्हे तर जावाच्या वायांग छायानाट्यातून आली आहेत. वायांगमध्ये शिखंडी ही श्रीकांडी नावाची शूर स्त्री आणि अर्जुनाची पत्नी आहे. पुंतादेवा म्हणजे युधिष्ठिर, सेंबाद्रा म्हणजे सुभद्रा, गातोतकाचा म्हणजे घटोत्कच. सेमार हा पांडवांचा सुटलेल्या पोटाचा, विनोदी पण दैवी सेवक. संस्कृत महाभारतात तो कुठेच नाही. म्हणून या नावांवरून ‘पठारावर पांडवांची उपासना होती’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. मामल्लपुरमचे एकाश्म रथही पांडवांच्या नावांनी ओळखले जातात आणि नाशिकजवळची बौद्ध लेणी ‘पांडवलेणी’ म्हणून. कर्ता विसरला गेला की बांधकाम पांडवांच्या खात्यावर जमा होते, एवढेच यातून दिसते. दिएंगचे पाणी वाहून नेणाऱ्या प्राचीन भुयारी गटाराला तर ‘गांगसिरान अस्वातामा’, म्हणजे अश्वत्थाम्याने खणलेले भुयार, असे नाव आहे. जावानी कथेत पांडवांच्या शिबिरात तो भुयार खणून शिरतो. सातपुड्यात जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा जावात गटार खणताना भेटतो.

कालनिर्णय : मंदिरांवर बांधणीचा काळ सांगणारा लेख नाही. अर्जुन मंदिराजवळ मिळालेला शके ७३१ (इ. स. ८०९) चा लेख जुन्या जावानीतील सर्वांत आधीच्या कालोल्लेखित लेखांपैकी एक आहे. जावानी लेखांची कालगणना शकाची असल्याने मराठी पंचांग वापरणाऱ्याला त्यात ७८ मिळवून इसवी सन काढणे अवघड जात नाही. मात्र लेख ८०९ चा म्हणून मंदिरे ८०९ ची, असे म्हणता येत नाही. तो लेख आधीपासून चालू असलेल्या तीर्थावर आला असणे अधिक संभवते.

शैलीवरून दोन टप्पे मानण्याची पद्धत आहे. अर्जुन, सेमार, श्रीकांडी, गातोतकाचा ही आधीची, म्हणजे सातव्या शतकाच्या अखेरीपासून आठव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतची. उरलेली त्यानंतरची, सुमारे ७८० पर्यंतची. ही मांडणी सोयीची असली तरी तिला पुराव्याचा आधार कमी आहे. जावाच्या इतिहासात पक्की तारीख मिळते ती शके ६५४ (इ. स. ७३२) च्या चांगगाल लेखात, ज्यात संजय राजाने शिवलिंगाची स्थापना केल्याचे सांगितले आहे. दिएंगची जुनी मंदिरे त्या लेखाच्या आधीची की नंतरची, हा वादाचा खरा मुद्दा होय. सर्व मंदिरे आठव्या शतकात, एकमेकांना धरून बांधली गेली असावीत, हे मत अधिक सावध वाटते.

‘जुनी’ गटातील मंदिरांचे टप्प्याटप्प्याने लहान होत जाणारे छप्पर दक्षिण भारतातील पल्लव वास्तूची आठवण देते. बिमा मंदिराचे वळण वेगळे आहे. त्याचे शिखर ओडिशातल्या मंदिरांशी जुळवले जाते आणि त्याच्या कमानदार कोनाड्यांतून (कुडू) मानवी मुखे बाहेर डोकावतात. असे शिखर जावात दुसरे नाही. म्हणून एकाच पठारावर भारताच्या दक्षिणेचे आणि उत्तरेचे असे दोन वेगळे कारागीर आले होते, असे काहींनी सुचवले. जावानी पाथरवटांनी पोथ्या, यात्रेकरू आणि छोट्या प्रतिकृती यांच्या आधारे आपल्या पद्धतीने घडवले, हे स्पष्टीकरण आज अधिक स्वीकारले जाते. त्याला पुष्टी देणारी मूर्ती गावच्या कैलास संग्रहालयात आहे : बैलाचे तोंड आणि माणसाचे अंग असलेला नंदी, आणि त्याच्या खांद्यांवर शिव. वाहनाला मानवी देह देण्याची ही तऱ्हा भारतातून उचललेली नाही.

चिनी साधनांचा दाखलाही नेहमी दिला जातो. तांग राजवंशाच्या नव्या इतिहासात ‘होलिंग’ या राज्याचे वर्णन असून तिथला राजा लांगपिया नावाच्या डोंगरावर चढून समुद्र पाहतो, असे म्हटले आहे. हा डोंगर म्हणजे दिएंग, असे काही अभ्यासक मानतात. पण त्याच मजकुरात, उन्हाळी अयनदिनी आठ फुटी शंकूची (सावली मोजायच्या उभ्या खांबाची) सावली दक्षिणेकडे दोन फूट चार इंच पडते, असेही दिले आहे. हे माप जसेच्या तसे धरले तर ते ठिकाण विषुववृत्ताच्या उत्तरेला सहा-सात अंशांवर येते, आणि जावा तर दक्षिणेला तितक्याच अंशांवर आहे. लेखकाने अयनदिनांची आणि दिशेची गल्लत केली, किंवा होलिंग जावात नव्हतेच, असे दोनच मार्ग उरतात. पहिला मार्ग बहुतेकांनी पत्करला आहे. तरीही या उताऱ्यावर दिएंगच्या कालनिर्णयाची इमारत उभी करू नये.

पठारावर चढण्यासाठी ‘ओंडो बुडो’ नावाच्या दगडी पायऱ्या होत्या. जावानीत ‘बुडा’ म्हणजे इस्लामपूर्व धर्म, मग तो शैव असो वा बौद्ध. त्यामुळे या नावावरून बौद्ध संबंध जोडू नये. दहाव्या शतकात राज्यकेंद्र पूर्व जावात गेले. पुढे पठार हळूहळू ओस पडले आणि पाणी वाहून नेणारे चर पाण्याखाली गेले. ब्रिटिश अंमलात, १८१४ मध्ये, एच. सी. कॉर्नेलियस हा अभियंता इथे आला तेव्हा मंदिरे तळ्यात उभी होती. शतकाच्या मध्यानंतर पाणी काढून देण्यात आले. छायाचित्रकार इसिडोर फान किन्सबेर्खेन याची त्या काळातली छायाचित्रे आता मूळ स्थितीचा महत्त्वाचा पुरावा ठरली आहेत, कारण पुढे बरेच दगड गावकऱ्यांच्या बांधकामात गेले.

ज्वालामुखी व आपत्ती : गावाभोवती वाफा सोडणारी अनेक विवरे असून त्यांतल्या सिकिडांगला पर्यटक सर्वाधिक जातात. भूगर्भीय उष्णतेवर चालणारे ६० मेगावॉट क्षमतेचे वीजकेंद्रही पठारावर आहे. इथला खरा धोका लाव्हाचा नसून कार्बन डाय-ऑक्साइडचा आहे. २० फेब्रुवारी १९७९ रोजी पहाटे सिनिला विवराचा स्फोट झाल्यावर माणसे घर सोडून पळाली आणि वाटेत जमिनीच्या भेगांतून निघालेल्या वायूत सापडली. १४९ जण मरण पावले. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट वाटेवर साचतो. ना धूर दिसतो, ना वास येतो. टिंबांग विवराच्या वायूमुळे २०११ आणि २०१३ मध्येही लोकांना हलवावे लागले. बातूरजवळच्या अशाच एका दरीला ‘गुवो उपस’, विषाची दरी, म्हणत. जावात आसपासचे सगळे जीव मारणारा ‘उपस’ वृक्ष असतो, ही अठराव्या शतकातली युरोपीय दंतकथा काही अंशी या दरीवरून निघाली असावी, असे एक मत आहे.

१६-१७ एप्रिल १९५५ च्या रात्री डोंगर कोसळून लेगेतांग ही वाडी गाडली गेली. जागेवरच्या स्मारकावर ३३२ रहिवासी आणि इतर गावांहून आलेले १९ पाहुणे असा आकडा कोरला आहे.

शेती व समाज : लोक जावानी मुसलमान. एकोणिसाव्या शतकात पठार पुन्हा वसले. तंबाखू आणि कोबीची जागा १९८० च्या दशकापासून बटाट्याने घेतली आणि त्यातून पक्की घरे, मोटारी, हजयात्रा असा सुबत्तेचा काळ आला. बटाट्याच्या मुळाशी पाणी साचू नये म्हणून सऱ्या उताराला आडव्या न काढता उभ्या, वरून खाली काढतात. पावसाळ्यात प्रत्येक सरीचा ओहोळ होतो आणि माती सेरायू नदीत जाते. ही नदी ज्या झऱ्यातून निघते त्याचे नाव ‘तुक बिमो लुकार’. भीमाशी निगडित कथा त्याला जोडलेली आहे. धुपेची समस्या जुनी असून खाली नदीवरच्या म्रिचा जलाशयात गाळ साचतो आहे. अँडीजमधून आलेली, पाकात मुरवून विकली जाणारी ‘कारिका’ ही डोंगरी पपई हे इथले दुसरे पीक.

जुलै-ऑगस्टच्या निरभ्र रात्री पारा शून्याखाली जातो आणि पहाटे अर्जुन मंदिराच्या आवारातले गवत गोठलेल्या दवाने पांढरे होते. पर्यटक त्याची छायाचित्रे काढायला अंधारातच येऊन थांबतात. शेतकरी या दवाला ‘बुन उपस’, विषारी दव, म्हणतो, कारण ऊन चढेपर्यंत बटाट्याचा पाला भाजल्यासारखा काळा पडतो.

काही मुलांच्या केसांत लहानपणी तापानंतर जट धरते. तिला ‘रांबुट गिंबाल’ म्हणतात. वस्तीचा आद्यपुरुष क्याई कोलोदेते याच्याशी तिचा संबंध जोडला जातो. महाराष्ट्रात जट देवीची मानून आयुष्यभर वागवली जाते; दिएंगमध्ये ती कापायचीच असते, मात्र मूल स्वतः म्हणेल तेव्हाच, आणि त्याने मागितलेली वस्तू दिल्यावर. मागणी शेळीची असो वा सायकलची, ती बदलून चालत नाही. नाहीतर जट पुन्हा धरते, असा समज आहे. २०१० पासून भरणाऱ्या दिएंग संस्कृती महोत्सवात हा ‘रुवातान’ विधी अर्जुन समूहाच्या आवारात सार्वजनिकरीत्या होतो. कापलेले केस कापडात गुंडाळून पाण्यात सोडतात.