स्वजनपक्षपात (शासकीय कार्यालयांतील)

सरकारी अधिकार वापरून नात्यातल्या माणसाला नोकरी, बढती, सोयीची बदली किंवा ठेका मिळवून देणे म्हणजे स्वजनपक्षपात. शब्द कागदावरचा आहे. ठाण्याच्या कोर्ट नाक्यावर किंवा बेलापूरच्या कोकण भवनात तो कोणाच्या तोंडी येत नाही. तिथे ‘वशिला’, ‘आपला माणूस’ आणि चिकटलेल्या माणसासाठी ‘वशिल्याचं तट्टू’ एवढ्यावर भागते. वशिला पैशाचा, पक्षाचा, ओळखीचाही असतो. ही नोंद नात्याच्या वशिल्यापुरती आणि तो अडवण्याच्या रीतींविषयी आहे.

महाराष्ट्रात नात्याने पद मिळणे हा एके काळी गैरप्रकार नव्हता, हक्क होता. पाटीलकी, कुलकर्णीपण, देशमुखी बापाकडून मुलाकडे जात. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलाचे पद १९६२ च्या. संविधानाच्या अनुच्छेद १६ ने सरकारी नोकरीत केवळ ‘कूळ’ पाहून भेदभाव करण्यास मनाई केली आहे. पोलिसांच्या मुलांना व नातलगांना भरतीत झुकते माप देणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये याच अनुच्छेदावर घटनाबाह्य ठरवली.

प्रतिबंधाचा गाभा साधा आहे: नाते असणे हा दोष नाही, नात्याच्या प्रकरणात निर्णय घेणे हा दोष. क्रैपाक खटल्यात (१९६९) जम्मू-काश्मीरचे एक वनाधिकारी निवड मंडळावरही होते आणि उमेदवारही. स्वतःचे नाव आले तेव्हा ते उठून बाहेर गेले, पण प्रतिस्पर्ध्यांची नावे आली तेव्हा आत बसले होते. न्यायालयाने ती निवड रद्द केली. प्रत्यक्ष पक्षपात झाला का हे सिद्ध करण्याची गरज नाही, तो होण्याची वाजवी शक्यता पुरे, असे या निकालाचे सूत्र. हरियाणा लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात (१९८५) त्याला व्यवहाराची मुरड पडली: नातलग मुलाखतीला आला की त्या सदस्याने तेवढ्यापुरते बाजूला व्हावे, सगळ्या निवडीतून उठण्याची गरज नाही.

कार्यालयात हे बाजूला होणे एका टिपणीने होते. नस्तीवर, म्हणजे प्रकरणाच्या फायलीवर, दोन ओळी लिहायच्या असतात: ‘सदर प्रकरणातील अर्जदार हे माझे चुलत बंधू असल्याने प्रकरण निर्णयार्थ अन्य अधिकाऱ्याकडे वर्ग करावे, ही विनंती.’ खाली सही, तारीख. नस्ती वर जाते आणि दुसऱ्या टेबलावर उतरते. लिहायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तरी ती लिहिताना हात अडखळतो, कारण संध्याकाळी घरी फोन येणार असतो.

राज्य कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. पदाचे वजन वापरून कुटुंबीयाला खासगी कंपनीत चिकटवणे, किंवा कुटुंबीय जिथे नोकरीला आहे त्या संस्थेचे प्रकरण स्वतः हाताळणे, दोन्हींना त्यांत अटकाव आहे. अडचण ‘कुटुंब’ या शब्दाची. व्याख्येत पती-पत्नी व मुले येतात, आणि रक्ताचा किंवा लग्नाचा असा नातेवाईक जो पूर्णपणे अवलंबून आहे. कमावता मेहुणा, भाचा, साडू अक्षरशः वाचले तर बाहेरच राहतात. जबाबदारी मग नियम ३ वर येते: निर्विवाद सचोटी, आणि पदाला न शोभणारे काही न करणे.

नवी मुंबईत हे कोडे जास्तच गुंतते. करावे, दिवाळे, घणसोली, कोपरखैरणे ही आगरी-कोळी गावे शहराच्या आधीची. १९९२ पासून महापालिकेचा कारभार सुरू झाला, पण गावात माणसे एकमेकांना भावकीनेच ओळखतात. म्हात्रे, पाटील, भोईर, मढवी अशा आडनावांवरून नाते शोधायला निघाल्यास निम्मे शहर एकमेकांचे पाहुणे ठरेल; उलट सख्ख्या बहिणीचा मुलगा वेगळ्या आडनावामुळे नजरेतून सुटतो. नाते कळते ते आधी घोषित केले तरच.

नात्यामुळे मिळणारी प्रत्येक नोकरी वशिल्याची नसते. सेवेत असताना कर्मचारी वारला तर वारसाला अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती मिळते. तो हक्क नसून अचानक कोसळलेल्या कुटुंबाला दिलेला आधार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये स्पष्ट केले. सफाई कामगारांच्या वारसांना लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार नोकरी मिळते. झाडू, घाण आणि जातीचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिलेल्यांच्या या सवलतीला ‘वशिला’ म्हणणारे बहुधा त्या कामासाठी रांगेत उभे नसतात. पती-पत्नी एकत्रीकरणाचेही तसेच: दोघांना जवळच्या ठिकाणी नेमणूक द्यावी हे शासनाचे धोरण आहे. एकाच्या हाताखाली दुसरा आला, तर मात्र एकाचा गोपनीय अहवाल दुसऱ्याने लिहिण्याची वेळ येते.

नियमित भरतीतली वशिल्याची जागा बरीच आकसली आहे. केंद्राने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’च्या मुलाखतीच बंद केल्या, राज्यात आणि महापालिकांतही आता संगणकावरची परीक्षा चालते. दाब मग दुसरीकडे सरकला, ठेकेदारामार्फत घेतलेल्या मनुष्यबळावर. डेटा एंट्री ऑपरेटर, सुरक्षा रक्षक, शिपाई ठेकेदार नेमतो. तिथे ना गुणवत्ता यादी लागते, ना बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा क्रम ठरवणारा तक्ता). ‘भाच्याला कुठेतरी बसवा’ हा निरोप इथे कोणत्याही नस्तीवर उमटत नाही.

नगरसेवकांबाबत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम १० कडक आहे: महापालिकेच्या कंत्राटात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा निघाला की पद जाते. फर्म मेहुण्याच्या नावावर असेल, तर हितसंबंध सिद्ध करताना तक्रारदाराची दमछाक होते.

माहिती अधिकार कायद्याखाली (२००५) ठेक्यावरच्या माणसांचा हजेरीपट मागता येतो. त्यात नाव, काम, भरलेले दिवस आणि पगाराची रक्कम असते. नात्याचा रकाना नसतो.