बाळंतीण आणि तान्ह्या बाळाची शुश्रूषा (खानदेश)

पोटात बाळ आहे हे कळल्यापासून बाळंतपण होऊन ४२ दिवस उलटेपर्यंत आई आणि बाळ दोघांची जी देखभाल नर्स, एएनएम (उपकेंद्राची प्रशिक्षित परिचारिका) आणि आशाताई (गावातलीच आरोग्य कार्यकर्ती) मिळून करतात ती म्हणजे ही शुश्रूषा. जळगाव, धुळे आणि १९९८ साली धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार, या तिन्ही जिल्ह्यांत गावात कोणालाही विचारा, लोक याला सरळ ‘सिस्टरचं काम’ म्हणतील. डॉक्टर कमी वेळ दिसतो, सिस्टर मात्र सतत दिसते, म्हणून ते बरोबरच आहे.

सरकारी हिशोबाने मैदानी भागात ५००० आणि आदिवासी-डोंगरी भागात ३००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असतं. चोपडा-यावलच्या केळीच्या पट्ट्यात ३००० माणसं दोन गावांत सापडतील पण धडगाव-अक्कलकुव्याकडे तीच ३००० माणसं डोंगरभर पसरलेल्या पाड्यांवर राहतात, आणि सगळीकडे फिरायला सिस्टर तीच एक.

गरोदरपणात नोंदणी पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, निदान चार तपासण्या व्हाव्यात. वजन, बीपी, लघवी, हिमोग्लोबिन (११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे थेट मोठ्या दवाखान्यात), धनुर्वाताचं इंजेक्शन आणि लोहाच्या किमान १८० गोळ्या. गोळ्यांनी संडास काळी होते, मळमळतं, मग बाया त्या डब्यात ठेवून देतात, म्हणून चांगली सिस्टर गोळ्या दिल्या का हे लिहून थांबत नाही, रिकामी पाकिटं बघायला मागते. सातपुड्यात भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो त्यामुळे तिथे ती तपासणी चुकवून चालत नाही. आणखी एक अडचण स्थलांतराची. दिवाळीच्या सुमाराला कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात ती होळीला परततात, मधले महिने गरोदर बाई कुठल्या फडावर आहे ते कोणाला माहीत नसतं, म्हणून तपासणीचं कार्ड तिने सोबत नेणं फार महत्त्वाचं.

पोहोचणं हा तर वेगळाच विषय. १०२ आणि १०८ च्या रुग्णवाहिका आहेत पण रस्ता संपला की बांबूला बांधलेली झोळीच, आणि नर्मदेच्या फुगवट्याच्या पाण्याकाठच्या गावांसाठी तरंगता दवाखाना. यावर मला सगळ्यात शहाणा वाटलेला उपाय म्हणजे माहेरघर. आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्राजवळ बाई तारखेच्या काही दिवस आधीच येऊन राहते, सोबत घरचं माणूस आणि लहान पोरंही राहू शकतात, कारण पोरांना घरी सोडून ती येणारच नाही हे ओळखून ते केलंय.

बाळ जन्मल्यावरचा पहिला तास सगळ्यात नाजूक. एका मिनिटाच्या आत आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन, मग वार पडली की सिस्टर पोटावर हात ठेवून गर्भाशय बॉलसारखं घट्ट आहे का हे परत परत बघते, कारण ते सैल पडलं की रक्त थांबत नाही आणि बाई तासाभरात हातची जाऊ शकते. बाळाला कोरडं पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं, वरून कपडा, डोक्याला टोपी. चीक त्याच तासात पाजायचा. पिवळट दिसतो म्हणून तो पिळून टाकायची आणि गुळाचं पाणी चाटवायची सवय अजून काही घरांत आहे, ती वाईटच.

थंडीत सातपुड्याच्या पाड्यांवर बाळ गार पडायची भीती असते. सिस्टर हाताच्या मागच्या बाजूने आधी बाळाचं पोट बघते मग तळपाय. दोन्ही उबदार तर ठीक, पोट गरम पण पाय गार तर बाळाला थंडी बाधतेय, दोन्ही गार तर धोका. थर्मामीटर नसला तरी हे कुठल्याही आजीला शिकवता येतं. वजन अडीच किलोच्या खाली असेल तर बाळाला आईच्या छातीशी कातडीला कातडी लावून तासन् तास बांधून ठेवतात, हीच कांगारू पद्धत, १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात उलटं असतं, पारा ४४ च्या वर जातो आणि तरी बाळ दुपट्यात करकचून गुंडाळलेलं असतं. अशा वेळी कपडे सैल करायचे आणि अंगावर पुन्हा पुन्हा पाजायचं, वरचं पाणी द्यायचं नाही.

घरातल्या रीती सगळ्याच टाकाऊ नाहीत. अळीव-डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सव्वा महिना आराम हे चांगलंच. बंद खोलीतली धुरी, नाळेला राख-हळद, पाचवीला डोळ्यात काजळ, बाळगुटी हे मात्र नको. आमच्या घरी काजळाचा आग्रह झाला तेव्हा आशाताईंनी वाद घातला नाही, तीट पायाच्या तळव्याला लावा म्हणाल्या, आजीही खूश आणि डोळेही वाचले.

आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही. ही घरोघरची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी उभी केली, २०११ पासून ती देशभर आहे. ताई बाळाचा श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजतात, ६० किंवा त्याहून जास्त भरला तर परत एकदा मोजतात. दुसऱ्यांदाही तेवढाच आला, छाती आत ओढली जातेय, बाळाने दूध ओढणं सोडलंय, किंवा आईला ताप आहे, अंगावरून घाण वासाचं जातंय, तासाभरात पॅड भिजतंय, तर उद्यावर ढकलायचं नाही, त्याच वेळी १०८ ला फोन, आणि वाटेत बाळ आईच्या छातीलाच.