स्वयम् (उपग्रह)

स्वयम् : पुण्याच्या शिवाजीनगर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या, म्हणजे सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी बांधलेला सुमारे 1 किलोग्रॅम वजनाचा कृत्रिम उपग्रह. 22 जून 2016 रोजी सकाळी 9 वाजून 26 मिनिटांनी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी34 या प्रक्षेपकाने तो अवकाशात गेला. सुमारे 505 किमी. उंचीची सूर्यसमकालिक, म्हणजे एखाद्या गावावरून दरवेळी जवळपास त्याच स्थानिक वेळेला नेणारी कक्षा त्याला मिळाली. 1854 साली स्थापन झालेली सीओईपी ही संस्था प्रक्षेपणाच्या वेळी स्वायत्त महाविद्यालय होती. तिला तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा 2022 मध्ये मिळाला.

त्या उड्डाणातील मुख्य उपग्रह 727.5 किग्रॅ. वजनाचा, पृथ्वीची छायाचित्रे घेणाऱ्या कार्टोसॅट-2 मालिकेतला होता. त्याच्यासोबत आणखी 19 उपग्रह होते. त्यांपैकी 17 कॅनडा, जर्मनी, इंडोनेशिया आणि अमेरिका या देशांचे, तर उरलेले दोन भारतीय शिक्षणसंस्थांचे : चेन्नईचा सत्यभामासॅट आणि पुण्याचा स्वयम्. एका प्रक्षेपकातून 20 उपग्रह सोडण्याची इस्रोची ही पहिलीच वेळ होती. याआधी 2008 मध्ये 10 उपग्रह सोडले होते.

प्रकल्पाला 2008 मध्ये सुरुवात झाली आणि प्रक्षेपणापर्यंत आठ वर्षे गेली. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असल्याने, ज्यांनी आराखड्याला हात घातला त्यांच्यापैकी कोणीही उड्डाणाच्या दिवशी महाविद्यालयात विद्यार्थी नव्हते. शंभराहून अधिक विद्यार्थी या कामातून गेले. विद्युत् मंडलांच्या (सर्किटांच्या) आकृत्या, आज्ञावली, चाचण्यांच्या नोंदी, एखादा भाग का नाकारला याची कारणे हे सगळे मागच्या तुकडीने पुढच्या तुकडीच्या हाती द्यायचे होते. त्यात खंड पडला असता तर दर दोन वर्षांनी प्रकल्प मुळापासून सुरू करावा लागला असता. उपग्रहाच्या कोणत्याही यंत्रणेपेक्षा हे हस्तांतरण अवघड होते आणि स्वयम् प्रकल्पाचे खरे श्रेय तेथेच आहे.

रचनेच्या दृष्टीने स्वयम् घनाकृती लघुउपग्रहांच्या कुळातला आहे. 10 सेंमी. बाजूचा घन हे माप कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांतील प्राध्यापकांनी 1999 मध्ये ठरवले. पदवी मिळण्याच्या काळात विद्यार्थ्यांना पूर्ण उपग्रह हाताळता यावा, हा त्यामागचा हेतू. घनाच्या बाजूंवर सौर घट, आत बॅटरी, संगणक आणि रेडिओ एवढाच संसार. अशा कक्षेत सुमारे 95 मिनिटांच्या प्रत्येक फेरीत अर्ध्या तासाच्या आसपास उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतो. तेवढा वेळ सगळे बॅटरीवर चालते आणि तापमानही झपाट्याने खाली येते.

स्थिरतेसाठी निवडलेली पद्धत हे स्वयम्‌चे सर्वांत लक्षवेधी अंग होय. प्रक्षेपकातून सुटलेला उपग्रह गिरक्या घेत असतो. मोठ्या उपग्रहांत त्या थांबवायला फिरती चाके, चुंबकीय गुंडाळ्या किंवा छोटी इंजिने असतात. त्यांना वीज वा इंधन लागते आणि आज्ञावलीही. एक किलोच्या उपग्रहाला यांतले थोडेच परवडते. स्वयम्‌मध्ये कायम चुंबक बसवला आहे. होकायंत्राची सुई वळते तसा तो पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या दिशेने उपग्रहाला वळवतो. पण नुसता चुंबक पुरत नाही, कारण त्या दिशेभोवती उपग्रह दीर्घकाळ झुलत राहील. म्हणून मऊ चुंबकीय पदार्थाच्या बारीक सळ्या जोडलेल्या असतात. उपग्रह फिरला की या सळ्यांचे चुंबकन पुन्हापुन्हा उलटते, प्रत्येक वेळी गतीची थोडी ऊर्जा उष्णतेत जाते आणि झोके मंदावतात. या साऱ्यासाठी बॅटरीतून एक वॉटही खर्च होत नाही.

या पद्धतीला मर्यादा आहेत. चुंबकरेषेला समांतर असलेल्या अक्षाभोवती उपग्रह मोकळाच फिरतो. शिवाय क्षेत्राची दिशा कक्षेत सतत बदलते : ध्रुवांजवळ ती जवळजवळ उभी, दक्षिण भारतावरून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ आडवी. त्यामुळे ध्रुवीय कक्षेतला असा उपग्रह एका फेरीत दोन पूर्ण वळणे घेतो. नेमक्या जागी रोखलेला कॅमेरा येथे निरुपयोगी ठरला असता. रेडिओ संदेशवहनाला इतकी अचूकता लागत नाही, म्हणून स्वयम्‌ला तेच काम दिले गेले. साधन आणि काम यांची ही सांगड विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत क्वचितच इतकी नेटकी दिसते.

हे काम साठवा-आणि-पाठवा पद्धतीचे. हौशी रेडिओ चालवणारा, म्हणजे हॅम, उपग्रह डोक्यावर असताना संदेश वर पाठवतो. उपग्रह तो स्मृतीत ठेवतो आणि पुढे दुसऱ्या हॅमच्या आकाशात आल्यावर खाली देतो. पुण्यासारख्या ठिकाणाहून या उंचीवरचा उपग्रह एका वेळी फार तर 11 ते 12 मिनिटे दिसतो, तेही तो माथ्यावरून गेला तर. दिवसात अशा साधारण चार संधी मिळतात. या वेळात त्याचा वेग सेकंदाला सुमारे 7.6 किमी. असल्याने 435 ते 438 मेगाहर्ट्‌झच्या हौशी पट्ट्यातली कंप्रता (वारंवारता) येताना आणि जाताना सुमारे 10 किलोहर्ट्‌झपर्यंत सरकते; भूस्थानकाला ती सतत जुळवून घ्यावी लागते.

सूर्यसमकालिक कक्षा विषुववृत्ताशी सुमारे 97.5 अंशांचा कोन करते. पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर असल्यामुळे या कक्षेचे प्रतल दिवसाला सुमारे 0.986 अंशाने पूर्वेकडे वळते, म्हणजे वर्षात बरोबर एक फेरा. परिणामी उपग्रह दरवेळी जवळपास त्याच स्थानिक वेळेला एखाद्या गावावरून जातो. छायाचित्रे घेणाऱ्या कार्टोसॅटसाठी, सावल्या सारख्या पडाव्यात म्हणून, ही कक्षा हवी होती. स्वयम्‌ला ती सहप्रवासी म्हणून मिळाली, पण भूस्थानक चालवणाऱ्या विद्यार्थ्यांचीही तिने सोय केली : सकाळी आणि रात्री, ठरलेल्या सुमारास उपग्रह येणार. स्वयम्‌वर इंजिन नाही. त्यामुळे विरळ हवेच्या ओढीने उंची घटू लागली की ती भरून काढता येत नाही आणि या वेळाही हळूहळू सरकत जातात.

सप्टेंबर 2016 मध्ये मुंबईच्या आयआयटीचा, सुमारे 10 किग्रॅ. वजनाचा ‘प्रथम’ हा उपग्रह पीएसएलव्ही-सी35 मधून सोडला गेला. आयनांबरातील, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील इलेक्ट्रॉनांची मोजणी हे त्याचे उद्दिष्ट. महाराष्ट्रातील दोन संस्थांच्या विद्यार्थ्यांचे उपग्रह असे तीन महिन्यांच्या अंतराने कक्षेत गेले. सीओईपीच्या चमूने पुढील उपग्रहासाठी सौर शिडाचा, म्हणजे सूर्यप्रकाशाच्या दाबावर उपग्रहाची कक्षा बदलण्याचा विषय हाती घेतला.