मुरुडशेंगेचं फूल

बाळगुटीसाठी सहाणेवर उगाळली जाणारी मुरुडशेंग बहुतेकांच्या ओळखीची असते. तिचं फूल मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं, आणि माझ्या मते खरं नवल त्या फुलातच आहे.

सह्याद्रीच्या पानझडी रानात हे झुडूप भरपूर आढळतं. पुरुषभर, कधी त्याहून उंच. पानं दातेरी आणि हाताला खरखरीत लागतात, कारण त्यांच्यावर चांदणीच्या आकाराची बारीक लव असते. सालीच्या वाखाचे दोर वळतात. पुष्कळ ठिकाणी या झुडपाला केवण म्हणतात. कूळ भेंडी-जास्वंदीचं.

पावसाळ्यात विटकरी-लाल फुलं येतात. पाकळ्या पाच, लहानमोठ्या आणि मागे वळलेल्या. त्यांच्यामधून एक लांब, बाकदार दांडा बाहेर झेपावतो. एरवी फुलाच्या तळाशी बसणारा अंडाशय इथे या दांड्याच्या टोकावर असतो, आणि पुंकेसरही त्याच्याभोवतीच. मध मात्र खाली, नळीच्या बुडाशी. शिंजीर मधासाठी चोच आत घालतो तेव्हा दांड्याचं टोक त्याच्या डोक्याला घासतं. तिथे लागलेले परागकण पुढच्या फुलाला पोचतात. फूल जुनं होतं तसा लाल रंग उतरून ते निळसर राखी होतं, म्हणून एकाच फांदीवर दोन रंगांची फुलं दिसतात.

पाकळ्या गळल्या तरी दांडा राहतो. त्याच्या टोकावरचा अंडाशय पाच भागांचा असतो. प्रत्येक भाग लांबत जातो आणि पाचही एकमेकांभोवती पीळ घेतात. म्हणजे आपण जिला एक शेंग म्हणतो त्या खरं तर पाच. वाळलेली शेंग घेऊन तिचा पीळ हलक्या हाताने उलगडून पाहा. पाच पेड सुटे होतात, आणि प्रत्येकाच्या आतल्या शिवणीत बारीक, कोनदार बिया सापडतात.

हा पीळ सगळ्यांच्याच नजरेत भरला. मराठी नाव मुरडण्यावरून आलं. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये नोंदवलेल्या ‘हेलिक्टेरिस आयसोरा’ या शास्त्रीय नावातला पहिला शब्दही ग्रीकमधल्या पिळावरूनच आहे. दुसरा मलबारचा: सतराव्या शतकातल्या ‘हॉर्टस मलाबारिकस’ या ग्रंथात हे झुडूप ‘इसोरा-मुरी’ म्हणून आलं आहे.

आता रानात हे झुडूप दिसलं तर शेंगेचं देठ नीट पाहा. शिंजिराच्या डोक्याला घासणारा दांडा तोच.