पंक्तिसेवा ते पन्हळ : चर्चच्या देखभालीची पार्श्वभूमी

यरुशलेमेतील मंदिराच्या डागडुजीसाठी लोकांकडून येणारा पैसा यहूदाच्या योवाश राजाने याजकांच्या हवाली केला होता; परंतु त्याच्या कारकिर्दीचे २३वे वर्ष उजाडले तरी भगदाडे तशीच राहिली होती, असे बायबलच्या जुन्या करारातील ‘दुसरे राजे’ या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात नमूद आहे. तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीच्या उजव्या बाजूस ठेवली. पेटीत पुरेसा पैसा साठला की राजाचा चिटणीस आणि मुख्य याजक तो मोजून थेट कामावरील मुकादमांना देत, आणि ते सुतार, गवंडी व पाथरवट यांची मजुरी चुकती करीत. या मुकादमांकडून हिशेब घेतला जात नसे, कारण ते सचोटीने वागत. आधीच्या वर्षांचा अनुभव पाहता हा शेरा याजकांना नक्कीच बोचला असेल. मंदिर पडीक राहिले होते ते भक्ती आटल्यामुळे नव्हे, तर काम नेमके कोणाचे आणि पैसा नेमका कशासाठी, हे ठरलेले नसल्यामुळे.

ख्रिस्ती मंडळीपुढे हाच प्रश्न आरंभीच्या काळातच आला. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या अध्याय ६ नुसार, रोजच्या वाटपात ग्रीक भाषिक विधवांची उपेक्षा होत असल्याची कुरकुर सुरू झाली. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, देवाच्या वचनाची सेवा सोडून पंक्तिसेवा, म्हणजे अन्न वाढण्या-वाटण्याचे काम, करण्यास नकार दिला खरा. पण त्या कामासाठी निवडलेले सात जण पवित्र आत्म्याने व ज्ञानाने पूर्ण असावेत, अशी अट घातली आणि प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. पंक्तिसेवेला दुय्यम मानले असते, तर एवढ्या सोपस्काराची गरज नव्हती.

रोमचा बिशप कर्नेलियस याने २५१च्या सुमारास लिहिलेल्या पत्रातून या व्यवस्थेचा विस्तार कळतो. त्याच्या मंडळीत ४६ वडील (म्हणजे धर्मगुरू) आणि ७ डीकन (म्हणजे सेवेसाठी नेमलेले साहाय्यक) होते. भूत काढणारे, वाचक व द्वारपाल मिळून ५२ जण होते. आणि १,५००हून अधिक विधवा व गरजूंचा सांभाळ होत असे. द्वारपालपद पुढे पाश्चात्त्य चर्चमध्ये दीक्षेची एक पायरी बनले. त्या विधीत उमेदवार चर्चच्या किल्ल्यांना स्पर्श करी, त्या किल्ल्यांनी बंद होणाऱ्या प्रत्येक वस्तूचा जाब देवाला द्यावा लागेल अशी समज त्याला दिली जाई, मग तो दार लावून उघडी आणि घंटा वाजवी. हे पद कॅथलिक चर्चने १९७२मध्ये बंद केले.

पैशाची विभागणीही लेखी झाली. पोप गेलेशियस पहिला याने ४९४मध्ये चर्चच्या उत्पन्नाचे चार वाटे ठरवले : बिशप, धर्मगुरू, गरीब आणि इमारत. इमारतीचा वाटा गरिबांच्या शेजारी असला, तरी त्यात मिसळलेला नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. छप्पर गळू लागले की मदतीच्या निधीत हात घालण्याचा मोह कोणत्याही काळात होतोच.

सहाव्या शतकातील बेनेडिक्टच्या मठनियमांनी हीच गोष्ट रोजच्या कामात उतरवली. मठाची सर्व अवजारे वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे हाताळावीत, असे ३१वे प्रकरण सांगते. आठवड्याची पाळी संपवणारा स्वयंपाकघरातील सेवक शनिवारी पंचे धुई, भांडी स्वच्छ करून कोठारप्रमुखाकडे सुपूर्द करी. आणि रविवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर पाळी सोडणारे व घेणारे दोघेही प्रार्थनागृहात सर्वांकडून आपल्यासाठी प्रार्थना मागून घेत.

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जबाबदारीची रेषा इमारतीतूनच आखली गेली. वेदीकडील भाग साधारणपणे त्या चर्चचे उत्पन्न घेणाऱ्याने राखायचा आणि लोक जेथे बसतात तो भाग गावकऱ्यांनी, असा रिवाज पडला. गावकऱ्यांच्या वतीने निवडलेले चर्चवॉर्डन, म्हणजे चर्चचे कारभारी, देखभालीची पट्टी (कर) गोळा करीत आणि हिशेब ठेवीत. ही पट्टी १८६८मध्ये सक्तीची राहिली नाही, आणि देखभाल बहुतांशी स्वेच्छादानावर येऊन पडली.

त्याच शतकात जुनी चर्चे ‘सुधारण्याच्या’ नावाखाली उकलून नव्याने बांधण्याची लाट आली होती. तिच्या विरोधात इंग्लिश कवी व कलावंत विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८७७मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, आणि जीर्णोद्धाराऐवजी रोजच्या निगराणीने झीज थोपवावी, असे तिच्या जाहीरनाम्यात मांडले. त्यामागचा व्यवहार अगदी साधा आहे. पन्हळीत पाने अडकली की पाणी भिंतीत मुरते, भिंतीत रुतलेली तुळईची टोके आतून कुजतात, आणि खाली बसलेल्यांना त्याचा पत्ता लागेपर्यंत पन्हळ साफ करण्याचे काम उरत नाही. छप्परच बदलावे लागते आणि तोवर उपासना दुसरीकडे हलवावी लागते.