चिमूटभर काळी भुकटी

मे महिन्यातली रणरणती दुपार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या घराच्या अंगणात, लाकडावर लाकूड घासून आग पाडायची म्हणून, मी किंदळाची फळी पायाने दाबून बसलो होतो. फळीच्या खळग्यात उभी कांडी, कांडीला सुंभाचा एक वेढा, सुंभाची दोन्ही टोकं वाकवलेल्या फोकाला बांधून केलेली धनुकली. धनुकली पुढे-मागे ओढली की कांडी गरगर फिरते. वीस मिनिटं फिरवली. फळी कुंई-कुंई करत राहिली, खळगा आरशासारखा गुळगुळीत झाला आणि आई दारातून म्हणाली, "काडेपेटी संपली काय रे घरातली?"

चूक लाकडाची होती. "घट्ट लाकूड, जास्त घर्षण, जास्त उष्णता" असं माझं शाळकरी गणित. प्रत्यक्षात किंदळासारखं टणक लाकूड घासून झिजत नाही, नुसतं चकाकतं. आणि झिजणंच तर महत्त्वाचं. कारण या सगळ्या खटाटोपात पेट घेते ती कांडीही नव्हे आणि फळीही नव्हे. पेट घेते त्यांच्यातून झडलेली चिमूटभर भुकटी.

दुसऱ्या दिवशी पांगाऱ्याची वाळकी फांदी आणली. हलकं लाकूड, नख दाबलं तर खूण उमटते. खळग्याच्या कडेला सुरीने एक खाच पाडली आणि खाचेखाली फणसाचं सुकं पान सरकवलं. कांडीच्या वरच्या टोकावर करवंटीचा तुकडा धरला, त्यात खोबरेल तेलाचा थेंब सोडला. वर घर्षण नको असतं, सगळं खाली हवं. हळूहळू खाचेत भुकटी साचू लागली. आधी पिवळसर, मग तपकिरी, मग कॉफीच्या पुडीसारखी काळी. धूर दाट झाला. मी हात थांबवला, तरी धूर थांबला नाही. बस्स, जमलं ते त्या क्षणी!

आता थोडा हिशेब. कांडीवर पाचेक किलोचा दाब आणि साधारण वेगाने ओढलेली धनुकली धरली, तर घर्षणातून मिळणारी शक्ती जेमतेम १० ते १५ वॉट भरते. म्हणजे घरातल्या एका एलईडी बल्बाएवढी. एवढ्याशा उष्णतेवर आग पेटते, कारण लाकूड उष्णतेचं फार वाईट वाहक आहे. लोखंडातून उष्णता त्याच्या शेकडो पट सहज पळते. लाकडात ती घासल्या जाणाऱ्या बोटभर जागेतच कोंडून राहते आणि तिथलं तापमान चढत जातं. २०० अंश सेल्सिअसच्या पुढे लाकडाचे घटक फुटू लागतात, धूर निघतो, मागे कोळसा उरतो. ४०० अंशांच्या आसपास त्या कोळशाच्या कणांना हवेतला ऑक्सिजन थेट भिडतो आणि ते स्वतःच उष्णता सोडू लागतात. खाच हवी ती यासाठीच. भुकटी ढिगाने साचायला हवी आणि ढिगाला हवा लागायला हवी. ढीग फार लहान असला तर मिळवलेली उष्णता लगेच गमावतो आणि विझतो.

हा निखारा धुमसतो, त्याला ज्वाळा नसते. ज्वाळा म्हणजे जळणारा वायू. तो मिळवायला निखारा नारळाच्या सोडणाच्या (वरच्या तंतुमय सालीच्या) पिंजलेल्या घरट्यात ठेवायचा आणि हलकी फुंकर घालत राहायचं. तंतू तापतात, वायू सोडतात आणि भप्पकन ज्वाळा उठते. (हे अंगणातच करावं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यातले डोंगर जळताना ज्यांनी पाहिले, त्यांना रानात का नको हे सांगावं लागणार नाही.)

ही युक्ती अर्थातच माझी नाही. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातलं २९वं सूक्त अग्निमंथनाचंच आहे. यज्ञात आजही अरणी, म्हणजे अशीच लाकडी फळी आणि कांडी, घुसळून अग्नी काढतात. तिथे कांडी दोरीने फिरवतात, थेट ताकाच्या रवीसारखी. त्या दोरीला नाव आहे ‘नेत्र’. लोणी आणि अग्नी, दोन्हींसाठी शब्द एकच, मंथन. शमीवर वाढलेल्या पिंपळाचं लाकूड अरणीसाठी घ्यावं असं श्रौतसूत्रं, म्हणजे यज्ञविधींचे जुने ग्रंथ, सांगतात. त्यातला धार्मिक भाग बाजूला ठेवला, तरी पिंपळाचं लाकूड हलकं आणि मऊ असतं, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

लहानपणी आम्ही अंधारात दोन गारगोट्या एकमेकींवर घासायचो. पिवळा उजेड चमकायचा, विशिष्ट वास यायचा, पण कापूस कधीच पेटला नाही. तो पेटणारच नव्हता. दोन गारगोट्यांत होतो तो नुसता उजेड. चकमकीत पोलादाची बारीक कपची दगडाच्या धारेने तासली जाते आणि हवेत जळते, तीच ठिणगी. त्यासाठी दगड पोलादाहून कठीण हवा. आमच्या अंगणातला जांभा त्या कामाचा नाही, लगेच भुगा होतो.

जुलैमध्ये पाहुण्यांसमोर मिरवायला तीच फळी, तीच कांडी काढली. घामाघूम झालो, भुकटी काही काळी होईना. फळी पावसात भिजली नव्हती, पडवीत टांगलेली होती. पण लाकूड हवेतलं पाणी पितं. हवेतली आर्द्रता ६० टक्के असताना त्यात स्वतःच्या सुक्या वजनाच्या सुमारे ११ टक्के पाणी असतं, ९० टक्के झाली की सुमारे २० टक्के. आणि पाणी उडून जाईपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसं पुढे सरकत नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २,६०० ज्यूल लागतात. माझ्या १० वॉटांच्या हिशेबात ती चार मिनिटांहून जास्त घुसळण झाली, तीही नुसत्या एका ग्रॅमसाठी.

आजीच्या वेळी पावसाळ्यात कुणी आग पाडत बसत नसे, आग राखत असत. रात्री शेणीचा निखारा राखेत पुरायचा. राख हवा कमी पोहोचू देते, उष्णता धरून ठेवते, आणि सकाळी फुंकर मारली की लाल. विझलाच, तर शेजारणीकडून करवंटीतून आणायचा. पुरुमेंताला, म्हणजे पावसाळ्यासाठी करायच्या साठवणीत, मिठा-मिरचीबरोबर सोडणं आणि झावळ्याही भरलेल्या असायच्या, आणि चुलीवरच्या माळ्यावर धुराने काळं पडलेलं सरपण.

शेवटी मीही फळी आणि कांडी मागच्या चुलीवर आठ दिवस टांगली. नवव्या दिवशी, बाहेर पाऊस कोसळत असताना, पडवीत निखारा पडला. आईने कौतुक केलं आणि विचारलं, "चूल कशाने पेटवलेलीस?"

लायटरने.